रात्री १०१, सकाळी ‘उतरला’: तिसरीच्या वर्गातलं कांजिण्यांचं प्रकरण

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेतलं आहे. मुलं आणि त्यांची घरं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. शाळेत आरोग्याच्या नोंदी माझ्याकडे असतात, त्यामुळे शाळेत जे झालं ते माझ्यासमोर झालं. घरातलं जे लिहिलंय ते मुलीच्या आईने नंतर सविस्तर सांगितलं आणि लिहायला हरकत नाही असंही सांगितलं.

आजारी लेकराला शाळेत पाठवायचं की घरी ठेवायचं, हा निर्णय बहुतेक घरांत आई सकाळी घाईच्या वेळी एकटीच घेते. तिने चुकीचा निर्णय घेतला की शाळेत सगळे सहज म्हणतात, “आईला कळायला नको का?” या प्रकरणात आईला कळत होतं. घरी ठेवण्याची किंमत तिला परवडत नव्हती, आणि त्या किमतीतला काही भाग आम्ही शाळेनेच वाढवून ठेवला होता.

पार्श्वभूमी

मुलगी आठ वर्षांची. वडील मागावर कामाला, आठवडाआड रात्रपाळी. आई विड्या वळते. घरात आजी आणि अंगणवाडीत जाणारा धाकटा भाऊ. घरात तेलुगू बोलतात, मुलगी वर्गात मराठी उत्तम बोलते.

विड्यांचं काम घरबसल्या चालतं म्हणून बाहेरच्यांना वाटतं, आई तर घरीच असते, मग अडचण काय? अडचण सकाळची असते. आदल्या दिवशी वळलेला माल कारखान्यात नेऊन द्यायचा, तिथे तो तपासून मोजला जातो, खराब निघालेल्या विड्या बाजूला काढल्या जातात, आणि मग पुढच्या दिवसाची पानं आणि तंबाखू मिळते. मजुरी दर हजार विड्यांमागे. हा फेरा चुकला तर त्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाचीही कमाई बुडते. म्हणजे सकाळी साडेसात ते अकरा या वेळात आई घरी नसते. आजारी मूल घरी ठेवायचं तर नेमक्या त्याच वेळात कुणीतरी लागतं. आजीला मोतीबिंदू, आणि वडील रात्रपाळी करून झोपलेले.

महिना मार्चचा. सोलापुरात मार्च लागला की ऊन तापायला लागतं आणि शाळा सकाळची होते. ज्या निर्णयाला एरवी नऊ-दहापर्यंत वेळ मिळतो, तो साडेसहालाच घ्यावा लागतो. त्या दिवशी गणिताची घटक चाचणी होती. वर्गात भिंतीवर हजेरीचा तक्ता होता, महिनाभर एकही खाडा न करणाऱ्याच्या नावापुढे चांदणी लागायची. मुलीच्या नावापुढे जूनपासून सगळ्या चांदण्या होत्या.

काय घडलं

आदल्या दिवशी संध्याकाळी मुलगी जेवली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. रात्री अंग तापलं. शेजारणीच्या थर्मामीटरवर १०१ भरला. आईने धाकट्यासाठी आणलेलं पॅरासिटामॉलचं सिरप झाकणाने मोजून दिलं. पहाटे पुन्हा अंग कोमट लागलं. साडेसहाला आणखी एक झाकण. सात वाजता कपाळ गार. मुलगी स्वतःच म्हणाली, “आज पेपर आहे, मी जाते.” आईने पाठवलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पॅरासिटामॉल दिल्यावर साधारण अर्ध्या-एक तासात ताप उतरायला लागतो, आणि औषधाचा असर चार ते सहा तास टिकतो. त्या वेळात मूल हसतं, खातं, दप्तर भरतं. आजार मात्र जिथल्या तिथे असतो. साडेसहाला दिलेल्या औषधाचा जोर साडेदहा-अकराला ओसरतो, म्हणजे बरोबर खिचडीच्या सुट्टीत. त्या दिवशी तसंच झालं. ताट तसंच ठेवून मुलगी बाकावर डोकं टेकून बसली. वर्गशिक्षिकेने हात लावून पाहिला आणि तिला माझ्याकडे आणलं. ताप १०२.

ती पाठ खाजवत होती. फ्रॉकच्या गळ्याशी, मानेखाली बारीक लालसर पुरळ होतं आणि त्यात दोन फोड असे, की कातडीवर पाण्याचा थेंब अडकून राहावा. केसांत भांगाजवळ आणखी एक.

पहिला निर्णय: आत्ता काय करायचं

शाळा सुटायला तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ होता. वर्गशिक्षिकेचं म्हणणं होतं की सुटेपर्यंत बसू द्यावं, नाहीतरी सकाळपासून ती वर्गातच आहे, आता हलवून काय फरक पडणार? दुसरा पर्याय, सातवीतल्या शेजारच्या मुलीबरोबर घरी पाठवायचं. तिसरा, वडिलांना फोन करून उठवायचं. चौथा, आपणच दवाखान्यात न्यायचं.

“नाहीतरी” हा मुद्दा वाटतो तितका चुकीचा नाही. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरत असतो. वर्गात जे पसरायचं ते आदल्या दिवशीही पसरलं असणार. पण १०२ ताप असलेलं मूल बाकावर बसवून ठेवणं हा त्या मुलावरच अन्याय आहे, आणि हवेतून पसरणाऱ्या आजारात प्रत्येक जादा तास मोजला जातोच. शेजारच्या मुलीबरोबर पाठवायचं म्हणजे उन्हात दोन मुलं रस्त्यावर, त्यातलं एक तापाने फणफणलेलं. ते मी मान्य केलं नाही. वडिलांना फोन केला. पाचव्यांदा उचलला. तोवर मुलीला ऑफिसच्या मागच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, चटईवर झोपवलं, पाणी पाजलं. औषध दिलं नाही, कारण सकाळी नेमकं किती आणि कोणतं दिलं हे कुणालाच माहीत नव्हतं. मुलांच्या पॅरासिटामॉल सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमची आणि २५० ची. एकच झाकण, पण औषध दुप्पट. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, झाकणावर नाही.

दुसरा निर्णय: हे नक्की आहे काय

आम्ही डॉक्टर नाही, आणि पुरळ पाहून नाव सांगायचा मोह शाळेने टाळायला हवा. ताप आणि पुरळ म्हटलं की गोवरही मनात यायला हवा. गोवरात आधी ताप, खोकला, नाक गळणं, डोळे लाल, आणि तीन-चार दिवसांनी कानामागून-चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ. कांजिण्यांत पुरळ खाजतं, अंगावर, पाठीवर जास्त असतं, आणि पुरळ, फोड, खपली सगळं एकाच वेळी दिसतं. मुख्याध्यापिकांनी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्राला फोन केला. ताप-पुरळाचं मूल दिसलं तर कळवायलाच हवं, कारण गोवरावर सरकारी यंत्रणेचं लक्ष असतं. दुपारी वडील मुलीला घेऊन गेले, डॉक्टरांनी कांजिण्या सांगितल्या. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या आशाताई (आरोग्य स्वयंसेविका) घरी जाऊन आल्या.

गोवर-रुबेलाची लस तिने घेतलेली होती, कार्डावर दोन्ही डोस होते. आई म्हणाली, “सगळ्या सुया झाल्यात की ओ बाई, मग कसं काय झालं?” प्रश्न रास्त आहे. कांजिण्यांची लस सरकारी मोफत वेळापत्रकात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना ती सुचवते, पहिला डोस पंधराव्या महिन्यात, पण ती खासगीत विकत घ्यावी लागते, आणि ती किंमत या घराला झेपणारी नाही.

तिसरा निर्णय: कुणाला सांगायचं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो जवळपास निसटला होता.

मुख्याध्यापिकांना वाटत होतं की गाजावाजा नको. पालक घाबरतात, अर्धा वर्ग रिकामा होतो, मुलीला पुढे चिडवतात. साधारणपणे मीही याच मताची आहे. निरोगी मुलांत कांजिण्या बहुधा आठ-दहा दिवसांत सरतात. पण त्याच वर्गात एक मुलगा होता ज्याला वर्षभरापूर्वी मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला होता, अंगावर सूज यायची. त्याच्या प्रवेशाच्या कागदात कुठेही नोंद नव्हती. वर्गशिक्षिकेला एवढंच आठवत होतं की त्याचा चेहरा मध्ये फुगला होता आणि आई म्हणाली होती, गोळ्यांमुळे आहे.

त्या गोळ्या स्टेरॉइडच्या असतील, तर त्याची प्रतिकारशक्ती दबलेली असते. अशा मुलाला कांजिण्या झाल्या तर आजार फुप्फुसात, मेंदूत पसरून जिवावर बेतू शकतो. अशा मुलाचा संपर्क आला की फोड यायची वाट पाहायची नसते, लगेच त्याच्या डॉक्टरांना कळवायचं असतं, कारण बचावाचे उपाय संपर्कानंतरच्या थोड्या दिवसांतच करायचे असतात. आणि घाबरून गोळ्या बंद करायच्या नसतात. स्टेरॉइड एकदम बंद केलं तर तो वेगळाच धोका.

म्हणून दोन निरोप गेले. त्या मुलाच्या आईला त्याच दिवशी फोन: “वर्गात एका मुलाला कांजिण्या निघाल्या आहेत. तुमच्या बाळाच्या डॉक्टरांना आजच विचारा. गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.” आणि बाकी वर्गाला दुसऱ्या दिवशी चिठ्ठी, कुणाचंही नाव न घेता: वर्गात कांजिण्या आढळल्या आहेत, पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा, घरात गरोदर बाई असेल किंवा कुणाचे कॅन्सरचे, मूत्रपिंडाचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना कळवा. तीन आठवडे अशासाठी, की संपर्कानंतर आजार दिसायला १० ते २१ दिवस लागतात. शेजारच्या वर्गातल्या बाई तेव्हा गरोदर होत्या. त्यांना लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या होत्या, तरी त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच काम पुढे चालू ठेवलं.

घरी काय झालं

आजीने फोड पाहताक्षणी सांगितलं, अम्मवारू, म्हणजे देवीआई, अंगात आलीय. दाराला कडुलिंबाचा पाला लागला, घरात फोडणी बंद, बाहेरच्या माणसाला आत यायला मज्जाव. आमच्या एका सहकाऱ्याला हे ऐकून घरी जाऊन समज द्यावीशी वाटली. आशाताईंनी त्यांना थांबवलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं: आजी म्हणते मुलीला बाहेर काढायचं नाही, डॉक्टर म्हणतात मुलीला बाहेर काढायचं नाही. इथे वाद घालण्यासारखं काय आहे?

वाद घालायचा तो दोनच गोष्टींवर, आणि तो त्यांनी घातला. आजीला अंघोळ नको होती आणि औषध नको होतं. आशाताईंनी कोमट पाण्याची अंघोळ पाला घातलेल्या पाण्यानेच सुचवली, अंग न चोळता टिपून घ्यायला सांगितलं, नखं कापायला लावली. औषधाचं त्यांनी आईशी वेगळं बोलून ठरवलं: तापाला फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी वजन करून लिहून दिलं तेवढंच. अ‍ॅस्पिरिन मुळीच नाही, कारण कांजिण्यांत मुलांना ते दिलं तर यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. अंगदुखीच्या आयब्युप्रोफेनच्या गोळ्याही नकोत. आणि मूल सुस्त पडलं, श्वास जोरात चालला, उलट्या थांबेनात, चालताना झोक जायला लागला, ताप चार दिवसांपुढे गेला, किंवा एखादा फोड लाल-गरम होऊन सुजला, तर अम्मवारू असो की आणखी काही, सिव्हिलला न्यायचं. हे आजीसमोर बोलणं झालं आणि आजीने मान हलवली.

एक गोष्ट आईने स्वतःहून केली. एरवी विड्या वळायचं सूप आणि तंबाखू त्याच एका खोलीत असते. ते दिवस ती दाराबाहेर पत्र्याखाली बसून वळत होती. उन्हात.

शाळेत परत कधी

सहाव्या दिवशी आईचा फोन आला, ताप नाही, जेवायलीय, पाठवू का? हा प्रश्न फोनवर “हो” म्हणून सोडवण्यासारखा नव्हता. कांजिण्यांत ताप गेला की झालं असं नसतं, सगळ्या फोडांवर खपली धरायला हवी. आईला सांगितलं, अंघोळीच्या वेळी पाठ, पोट, केसांत पाहा, एकही पाणीदार फोड दिसला तर थांबा. केसांत दोन सापडले. आणखी दोन दिवस गेले. मुलगी आली तेव्हा खपल्यांचे डाग होते आणि दोन-तीन पालकांनी हरकत घेतली. कोरड्या खपलीतून कांजिण्या पसरत नाहीत, हे त्यांना मुख्याध्यापिकांनी दारातच सांगितलं. मुलीला परत पाठवलं नाही.

धाकट्या भावाचं काय, हा प्रश्न अंगणवाडी सेविकेने विचारला. त्याला काहीच झालेलं नव्हतं. तीन आठवडे ठणठणीत मूल घरी बसवायचं तर आईचं काम बंद. ठरलं असं, की तो येईल, पण सेविका रोज त्याचा सदरा वर करून पाहील आणि आई रोज रात्री अंगाला हात लावेल.

परिणाम

साधारण दोन आठवड्यांनी भावाला रात्री ताप आला. आईने त्याच रात्री सेविकेला निरोप दिला, सकाळची वाट पाहिली नाही. त्याला फोड दुसऱ्या दिवशी दिसले. वर्गातल्या आणखी तीन मुलांना कांजिण्या झाल्या. तिघांच्याही घरून पहिल्या तापालाच कळवलं गेलं, एकही जण औषध पिऊन वर्गात आला नाही. गोळ्या चालू असलेल्या मुलाला त्याच्या डॉक्टरांनी प्रतिबंधक औषध दिलं आणि काही आठवडे घरी ठेवलं. त्याला कांजिण्या झाल्या नाहीत. ते औषधामुळे की नशिबाने, हे सांगता येत नाही, पण निरोप वेळेत गेला याचं मला आजही समाधान आहे.

मुलीची चाचणी नंतर घेतली. आईचे पहिले तीन दिवस पूर्ण बुडाले. पुढे शेजारीण स्वतःच्या मालाबरोबर हिचाही माल नेऊ लागली. हा तोडगा शेजारणीनेच काढला, आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता.

काय वेगळं करता आलं असतं

आईच्या बाजूने पाहिलं तर एकच वळण होतं: साडेसहाचं झाकण. ताप मोजायचा तो औषधाचा असर गेल्यावर. थर्मामीटरवर १००.४ किंवा जास्त भरला तर तो ताप, आणि औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच शाळा. काखेत मोजलं तर आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमीच येतो, म्हणून ९९.५ दिसला आणि मूल मलूल असेल तरी मी घरीच ठेवा म्हणेन. रात्री १०१ असेल तर सकाळचा निर्णय रात्रीच झालेला आहे, सकाळी फक्त सोय लावायची. हे रात्री ठरलं की शेजारणीला सांगायला, वडिलांना पाळी संपवून थेट घरी यायला सांगायला वेळ मिळतो.

पण प्रत्येक शिंकेला घरी ठेवायचं नाही, हेही तितक्याच जोरात सांगायला हवं. ताप नसलेली सर्दी, थोडा खोकला, मूल खेळतंय, खातंय, तर पाठवा. उवांसाठी शाळा बुडवायची गरज नाही. खरूज असेल तर मलमाचा पहिला उपचार झाला की दुसऱ्या दिवशी येऊ द्या. उलट्या-जुलाबात मात्र शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास थांबवा. आपल्याकडे काही दिवसांआड पाणी येतं, शाळेतही साठवलेलंच पाणी असतं, आणि चाळिशीच्या उन्हात जुलाब झालेलं मूल फार पटकन सुकतं. ओआरएस आणि डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या घरीच चालू ठेवायच्या.

शाळेच्या बाजूने बदलायचं जास्त होतं. चांदण्यांचा तक्ता काढला. त्यावर बैठकीत बरीच चर्चा झाली, कारण त्याने हजेरी खरोखर वाढली होती, आणि आमच्या भागात हजेरी टिकवणं हे सोपं काम नाही. तरी मी आग्रह धरला. आजारी पडलं म्हणून मुलाचं काहीतरी बुडणार असेल, तर ते मूल स्वतःच आईला सांगणार की मी बरी आहे. आता आजारपणात चुकलेली चाचणी आल्यावर घेतली जाते आणि हे पालकसभेत तोंडाने सांगितलं जातं, नुसतं फलकावर लिहून नाही. सकाळी सातपर्यंत मिस्ड कॉल दिला तरी चालतो, आम्ही उलट फोन करतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. दिवसा मूल आजारी पडलं तर न्यायला येणारं माणूस. नोंदवहीत बापाचा नंबर असतो, बाप रात्रपाळीचा झोपलेला असतो किंवा मागांच्या आवाजात त्याला फोन ऐकू येत नाही. या जूनपासून प्रवेशाच्या वेळी दोन गोष्टी वेगळ्या विचारायच्या ठरवल्या आहेत: सकाळी आठ ते बारा या वेळात खरोखर येऊ शकेल अशा एका माणसाचं नाव, मग ते शेजारचं असलं तरी चालेल, आणि मुलाला रोजची काही गोळी चालू आहे का, असेल तर तिचं रिकामं पाकीट दाखवायला आणा. आजाराचं नाव सांगायला पालक कचरतात, पाकीट आणायला कचरत नाहीत, असा आशाताईंचा अनुभव आहे. ती नोंद वर्गशिक्षिका आणि माझ्याकडेच राहील.